गोरखमाळावरचं चिनी जेवण

माळावर फक्कीच्या दोन लांब पांढऱ्या रेघा.

बाजेवर वाळत घातलेल्या शेवया. त्याही भाद्रपदात.

चेअरमनसाहेबांची टोपी, धुऊन बाभळीच्या काट्यावर अडकवलेली.

कलकत्ता. विमानतळावरचं हॉटेल. पांढरी चादर घातलेलं टेबल, आणि घाई.

माळकऱ्याच्या कुंपणापलीकडे अंड्यांची दुरडी.

एक खुर्ची. दोन बायका.

वारा: नाही. नाही. अजून नाही. आहे.

कलकत्ता तेवढं सोडून हे सगळं एकाच ठिकाणचं, काष्टीच्या अलीकडच्या गोरखमाळाचं, आणि साल एकाहत्तर. आता ते नीट ओळीनं सांगतो.

•

त्या वर्षी उसावर पाकोळी पडली. पाकोळी म्हणजे पानाच्या पाठीला चिकटून रस पिणारा बारका किडा. पाठीवरचा पंप घेऊन एवढा ऊस फवारायचा तर दिवाळी उजाडली असती, म्हणून कारखान्यानं विमान मागवलं. राहीबाईच्या घराला आणि शेताला लागून जो माळ होता त्यावर रोलर फिरवला, फक्की मारली, एका बांबूला कापडाची लांबोडी पिशवी बांधली, आणि झाला विमानतळ. पिशवी वारा दाखवायला. ती मुकाट लोंबत असली तर फवारणी. फुगली की बंद, कारण मग औषध उसावर न पडता भलतीकडेच जातं. म्हणजे सगळं काम सकाळच्या पहिल्या प्रहरात, फार तर संध्याकाळी वारा पडल्यावर. वैमानिक होते बागचीसाहेब, कलकत्त्याचे. अंगानं काटकुळे, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि स्वभावानं इतके गरीब की मेकॅनिकलाही "जी" म्हणत.

विमानात बागचीसाहेबांच्या शेजारी एक जादा खुर्ची होती. ही खुर्ची म्हणजे पंचक्रोशीतली सगळ्यात मानाची जागा होऊन बसली. फवारणी झाली की साहेब एकाला एक फेरी मारून आणत. पहिला मान चेअरमन आबासाहेबांचा. ते वर गेले धोतराचा सोगा सावरत आणि खाली आले उलटी टोपी दोन्ही हातांत जपून धरून. टोपीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. ती बाभळीवर वाळताना सगळ्यांनी पाहिली. मग व्हाइस चेअरमन, सरपंच, हेडमास्तर, आणि मानाचं म्हणण्यासारखं कुणी उरलं नाही तेव्हा आबासाहेबांचे सासरे. बाईमाणूस एकही नाही. नको असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं.

•

राहीबाई खाली उतरलेल्या प्रत्येकाला गाठून एकच विचारी.

"आबासायेब, आमचं घर दिसलं का वो वरून?"

"कारखान्याची चिमनी दिसली. आमचा बंगला दिसला. घोड नदी दिसली, अशी करदोड्यावानी."

"अन् आमचं घर?"

"त्ये काय ध्यानात न्हाई आलं."

सरपंच: "देवळाचा कळस, बंगला, चिमनी."

"आमचं घर?"

"कुठंशी हाय म्हनता तुमचं घर?"

"ह्ये काय! हितंच! तुमच्या म्होरं!"

हेडमास्तर: "प्रत्येक वस्तू उंचीच्या प्रमाणात लहान दिसते, राहीबाई. आता तुमचं घर मुळातच…" आणि तिच्याकडे बघून कपडे झटकू लागले.

मुळातच काय? दोन खोल्या आणि पडवी. पण त्या भिंतींतला एकेक दगड राहीबाईनं ओढ्यातून डोक्यावर आणला होता आणि तिचा नवरा रंगनाथ यानं रचला होता. वर कौलं. दोन वर्षांमागं घर उभं राहिलं तेव्हा ती रोज संध्याकाळी बांधावर जाऊन नुसतं त्याच्याकडे बघत उभी राही. आणि आता वरून चिमणी दिसते, बंगला दिसतो, करदोड्यासारखी नदी दिसते, आणि तिचं घर तेवढं दिसत नाही! आबासाहेबांच्या सासऱ्यांना तर बंगल्याची मोरीसुद्धा दिसली होती.

"मला वर जायचंय," ती रंगनाथला म्हणाली.

"कुठं वर?"

"इमानात."

रंगनाथ गळ्यातल्या तुळशीच्या माळेशी चाळा करीत हसला. "अगं, थितं चेअरमनची टोपी गेली. तुजं काय जाईल?"

"मी काय टोपी घालते व्हय?"

•

मग रज्जाकनं ती बातमी आणली.

रज्जाक कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर, आणि राहीबाईचा शेजारी. दोन्ही घरांमध्ये नुसतं शेराच्या झुडपांचं कुंपण. साहेबांना गेस्टहाउसवरून माळावर आणायचं आणि परत न्यायचं काम त्याचं. दुपारी, साहेबांना परत नेताना, जीप उभी करून तो कुंपणापाशी आला तो हसतच.

"वैनी, आज सायबाला म्हनलं, उद्या तुमचा शेवटचा दिस. काय खाऊ घालू? तर काय म्हनला ठावं हाय? चिनी जेवन! म्हनं कलकत्त्याला इमान उडवायच्या आधी तिथल्या हॉटेलात एक ताट खायचा, उभ्याउभ्या, घाईघाईत. त्याला अमेरिकन चॉप्सुई म्हनत्यात. आन् वर म्हनला, उद्या उडायच्या आधी ज्यो कोन मला त्ये खाऊ घालील, त्याला शेवटची फेरी. हे हे हे! गोरखमाळावर चिनी जेवन!"

राहीबाई हसली नाही. "सायेब हायेत का गेले?"

"जीपमधीच हायेत. का?"

तोवर ती कुंपण ओलांडून जीपपाशी पोचलीसुद्धा. तिला हिंदी येत नव्हती आणि साहेबांना मराठी. पण भूक लागलेल्या माणसाला खाण्याचं वर्णन करायला भाषा थोडीच लागते. साहेबांनी जीपच्या धुळकट दारावर बोटानं काढून दाखवलं. खाली तळलेल्या कुरकुरीत दोऱ्यांचं घरटं. त्यावर लाल रस, आंबटगोड, त्यात कोबी, कांदा. आणि सगळ्यावर, मधोमध, तव्यावर फोडलेलं एक अंडं, पिवळा बलक तसाच ठेवून.

राहीबाईनं घरट्यावर बोट ठेवलं. शेवया. लाल रसावर बोट ठेवलं. चिंच, गूळ, टमाटं. मग तिचं बोट अंड्यावर आलं आणि तिथंच थांबलं.

•

रंगनाथ, पाटावर बसून:

"चिनी म्हंजे ज्यांच्यासंगं लढाई झाली त्येच ना?"

"जेवनाशी न्हवती झाली लढाई."

"आन् अमेरिकन म्हंजे?"

"रेशनवर त्यो लाल गहू यायचा न्हाई का? त्यांचं."

"त्यो गहू तर आपला बैल बी हुंगून सोडायचा."

"तुमाला खायला न्हाई सांगितलं. ह्ये तेवढं चाखा."

कडकड असा आवाज. 

"कसं हाय?"

"कुंपन घालता यील ह्याच्यानं. शेराची गरज न्हाई."

चैत्रात पाटावर ओढलेल्या, डब्यात जपून ठेवलेल्या शेवया. जावई आला तरच बाहेर निघायच्या अशा. तिनं त्या कोरड्याच तेलात सोडल्या होत्या आणि त्यांच्या तारा झाल्या होत्या.

"आगं, उकडून घे आधी!" कुंपणापलीकडून आवाज आला. रज्जाकची बायको मुमताज. तिचं नाक कुंपण जुमानत नसे. "उकड, निथळ, बाजेवर पसरून सुकीव, मग तळ. आमी ईदच्या शेवया करतो, मला इचार की!"

राहीबाईनं शेवया उकडून बाजेवर पसरल्या. ढग होते, पण वारा बरा होता. त्या सुकेपर्यंत दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसल्या, आणि राहीबाईनं जरा इकडचं तिकडचं बोलून मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुमताज, तुज्याकडं अंडं आसंल का गं एखादं?"

"हाय की. दुरडीभर हायेत. पन तुमच्या घरात अंडं? रंगनाथभाऊ माळ काढून ठिवनार का?"

"घरात न्हाई गं. तू तुज्या चुलीवर कर. मी नुसती…"

"नुसती इमानात बसनार."

राहीबाई बाजेवरच्या शेवया उलटवू लागली.

"मला रज्जाकनी सांगितलंय," मुमताज म्हणाली. "तू सांगशील म्हनून वाट बगत हुते. शेवया कशा तळायच्या त्ये मी सांगायचं, अंडं माजं, तवा माजा, आन् खुर्ची तुजी? कोनच्या कायद्यानं?"

राहीबाईला एकदम लाज वाटली. खरंच वाटली. दोन वर्षांमागं घराचा पाया खणताना मुमताजनं पंधरा दिवस तिच्या घरच्या भाकरी थापल्या होत्या. पण लाज वाटली म्हणून वर जायची इच्छा काही कमी होईना. दोन्ही एकाच वेळी पोटात, आणि दोन्हींना जागा पुरेल एवढं काही तिचं पोट मोठं नव्हतं.

"मग तू बस," ती म्हणाली.

"आस्सं तोंड करून म्हनतीस तर मी बसनार हाय व्हय! न्हाई. इमानदारीत ठरवू. शेवया तुज्या, अंडं माजं. सायेब जिचं दुसऱ्यांदा घेतील, ती बसंल."

"ठरलं?"

"ठरलं."

मुमताजनं कुंपणातून हात काढला, शेराचा चीक चुकवत. राहीबाईनं तो धरला.

•

सकाळी जीपचं बॉनेट हे टेबल. त्यावर मुमताजची धुतलेली चादर. पितळी परात, परातीत शेवयांचं सोनेरी घरटं. रसाला ज्वारीच्या पिठाचं आळण लावलेलं, त्यामुळं तो कसा जिभेवर थांबणारा. रंग लाल, कारण टमाट्याला लाज वाटेल इतकं तिखटही पडलं होतं. स्टोव्ह बॉनेटपासून चार हात लांब, आणि त्याच्यापुढं मुमताज, कालथा तलवारीसारखा धरून. राहीबाईचा रंगनाथ आणखी दहा हात लांब, वारा सुटलाच तरी आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला उभा. अंड्याचा वास येऊ नये म्हणून.

आबासाहेबही आले होते. आज त्यांचाच ऊस फवारायचा राहिला होता.

बागचीसाहेबांनी पहिला घास घेतला. चावला. चष्मा काढला. 

"ये वो नहीं है," साहेब म्हणाले.

साहेबांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. कपाळावर घाम फुटला, नाकातून पाणी आलं, हात थांबेना.

"वो नहीं है," ते पुन्हा म्हणाले, "लेकिन घोंसला है, अंडा है, लाल है. मान लिया. बहुत बढ़िया."

परात रिकामी झाली. दहा मिनिटांत. कलकत्त्याला होई तशीच. साहेब हात पुसायला रुमाल काढू लागले, आणि इथं खरी गोष्ट सुरू होते; कारण घाईघाईत एक ताट खाऊन माणूस उठतो ही गोष्ट कलकत्त्याच्या विमानतळावर चालत असेल, गोरखमाळावर नाही. इथं पाहुण्याला एकदाच वाढून उठवलं तर घरची बाई महिनाभर तोंड दाखवू शकत नाही. त्यात आज पैज.

"सायेब, थोड्या शेवया."

"नहीं नहीं, बस."

"आसं कसं? इतक्याशाच. ह्ये बगा, चिमटीभर." चिमटीभर म्हणजे अर्धी परात.

"सायब, अंडा," मुमताज म्हणाली. "गरम है. मेरी कसम."

साहेबांनी शेवयांचंही घेतलं आणि अंडंही घेतलं.

बरोबरी.

राहीबाईनं मुमताजकडे पाहिलं. मुमताजनं स्टोव्हला पंप मारला.

"सायेब, आता ह्यो शेवटचा घास. माज्या नावाचा."

"सायब, एक अंडा रज्जाक के नाम का."

"ह्यो तुमच्या आईच्या नावाचा!"

आईचं नाव निघाल्यावर बागचीसाहेबांचे डोळे भरून आले; तिखटानं की कशानं, सांगता येत नाही. "हमारे यहाँ भी माँ ऐसा ही करती है," ते म्हणाले आणि परात पुढं केली.

बांबूवरची पिशवी जरा हलली.

आबासाहेबांनी पिशवीकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. बोलणार काय? ताटावर बसलेल्या माणसाला उठवायचं? अख्ख्या कारखान्याला हुकूम सोडणारा माणूस, पण असला हुकूम त्याच्या बापजाद्यांत कुणी सोडला नव्हता. ते नुसते बॉनेटभोवती फेऱ्या मारू लागले. एकदा रज्जाकच्या कानाशी म्हणाले, "तू सांग की." रज्जाक म्हणाला, "माज्या बायकोच्या हातात कालथा हाय, सायेब."

चौथं अंडं. शेवयांचा डबा तळाला. पिशवी अर्धी फुगली. साहेबांनी पट्टा एक भोक सैल केला. आणखी एक भोक. पिशवी पूर्ण फुगली आणि टम्म आडवी उभी राहिली, साहेबांच्या पोटासारखी.

साहेब उठले, पिशवीकडे पाहिलं, आणि लहान मुलासारखी जीभ चावली.

"गया. अब शाम को. हवा गिरने के बाद."

"संध्याकाळी?" आबासाहेब म्हणाले. एवढा वेळ मिटलेलं तोंड आता उघडलं ते मिटेना. "आन् ह्यो सगळा ह्या दोघींचा घोटाळा! चला सायेब, गेस्टहाउसला चला, पडा जरा. फेरीबिरी काय न्हाई आता. इमान कारखान्यानं भाड्यानं आनलंय, बायकांच्या हौसेला न्हाई आनलं!"

खुर्ची समोर होती. दार उघडं होतं. संध्याकाळी फवारणी झाली की विमान तसंच पुढच्या कारखान्याकडे जाणार, आणि मग वरून काय दिसतं ते तिला जन्मभर या पुरुषांकडूनच ऐकावं लागणार.

"आबासायेब," ती म्हणाली, "मग तुमचं सासरं कशाला बसलं हुतं? त्ये काय पाकोळी मोजाया गेल्ते?"

आधी रज्जाकला हसू फुटलं. मग मेकॅनिकला काही कळलं नाही तरी तोही हसला. मग दहा हातांवरून, माळेवर हात ठेवून, रंगनाथ. आबासाहेबांनी सगळ्यांकडे रागानं पाहायला सुरुवात केली, पण पाहता पाहता त्यांना बहुधा सासरे आठवले. मोरी दिसली म्हणून सांगणारे. त्यांच्या मिशा हलल्या.

"जा बाया, जा," ते म्हणाले. "पन जानार कोन? खुर्ची एक हाय."

साहेबांना पैज सांगण्यात आली. त्यांनी पोटावर हात ठेवला. कोणतं जास्त खाल्लं ते त्यांना देवाशपथ सांगता येत नव्हतं.

"तू जा," राहीबाई म्हणाली. या वेळी तोंड तसलं नव्हतं.

"तू जा गं, तुला घर बगायचंय."

"तू आधी."

"न्हाई, तू."

बागचीसाहेबांनी दोघींकडे नीट पाहिलं, मग आबासाहेबांकडे, त्यांच्या घेराकडे, आणि अदबीनं म्हणाले, "चेअरमनसाहब अकेले बैठ गए थे. ये दोनों मिलाकर भी उनसे कम हैं."

•

आणि मग एका खुर्चीत दोघी, एका पट्ट्यात दोघी, मांडीला मांडी दाबून, एकीचा पदर दुसरीच्या बांगडीत अडकलेला, आणि माळ धावायला लागला, फक्कीच्या रेघा धावायला लागल्या, मुमताजनं अल्लाचं नाव घेतलं आणि राहीबाईनं खंडोबाचं आणि मध्येच दोघींनी अदलाबदलही केली असेल, कारण ऐकू काहीच येत नव्हतं, आणि मग धावणं थांबलं, धडधड थांबली, खाली काहीच लागेना, आणि बाभळी, पिशवी, जीप, आबासाहेब, सगळं हळूच खाली बसल्यासारखं बसलं.

ती नदी. करदोडाच.

ती चिमणी. तो बंगला. मोरीही, खरंच.

राहीबाईला त्यांतलं काही नको होतं. ती काचेला नाक लावून माळाच्या कडेनं डोळे फिरवत होती. ऊस. ऊस. विहीर. बांध. शेराची हिरवी रेघ. आणि रेघेच्या अलीकडे चौकोनी, तांबूस, चारी भिंतींवर उभं, कुणालाही दिसावं असं, दिसलं नाही म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत औषध घालावं असं.

"दिसतंय!" ती किंचाळली. "मुमताज, दिसतंय! ह्ये काय! ही पडवी! ह्ये दार! ह्ये दारातनं…"

दारातनं काहीतरी पांढरं आत चाललं होतं. चार पायांचं. निवांत.

"शेळी!"

"कुनाची?"

"कुनाची बी आसंल, माज्या घरात चाललीय! उरलेल्या तळल्या शेवया जमिनीवरच ठेवल्यात! हाड! ए हाड! हाड गं भवाने!"

बागचीसाहेब विमान वळवताना बघत राहिले. हजार फुटांवरून एक बाई काचेवर मुठी आपटून शेळी हाकलत होती आणि दुसरी तिला बिलगून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. शेळी आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

विमान टेकलं, थांबलं. दार उघडलं. खाली सगळे जमले होते. सरपंच, हेडमास्तर, जिथं तिथं हजर असायचे ते सासरेसुद्धा. पहिल्या बायका! काय दिसलं ते ऐकायचं होतं. आबासाहेबांनी घसा खाकरून विचारलं, "काय राहीबाई, बंगला दिसला का आमचा?"

"बाजूला व्हा!" राहीबाई म्हणाली, पट्ट्यातून सुटली, पदर मुमताजच्या बांगडीतून हिसकला आणि पळत सुटली. फक्कीची रेघ ओलांडून, बांध ओलांडून. रंगनाथ वाटेतच उभा होता, कौतुकानं फुललेला.

"काय गं, दिसलं का आपलं घर?"

"दिसलं!" न थांबता ती ओरडली. "दार उघडं टाकून आलायसा तुमी!"

आगगाडीत मात्र राहीबाई पहिल्यांदा बसली ती विमानानंतर सात वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर साली, काष्टीहून दौंडला जाताना.